ब्रुनो चावला नाही, तरी गुन्हा दाखल झाला

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत सकाळी पावणेसातला घडलेली गोष्ट. लिफ्ट तळमजल्यावर आली, दार उघडलं आणि ब्रुनो नावाचा अडीच वर्षांचा लॅब्रडॉर सुसाट बाहेर पडला. गळ्यात पट्टा होता, पण पट्ट्याचं दुसरं टोक फरशीवरून फरफटत होतं. मालकाच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी. समोर एकाहत्तर वर्षांच्या आजी दुधाच्या दोन पिशव्या घेऊन उभ्या होत्या. ब्रुनोनं लाडानंच उडी मारली. आजी मागे कोसळल्या, सावरायला हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. पिशवी फुटून दूध फरशीभर झालं आणि ब्रुनो शेपूट हलवत ते चाटत बसला.

दोन दिवसांनी मालक माझ्याकडे आले, पोलिसांची नोटीस घेऊन. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तो चावलाच नाही हो. दातसुद्धा लागला नाही. मग गुन्हा कसला?"

मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. राहते नेरुळला आणि माझ्या घरी गुंड्या नावाचा रस्त्यावरून आणलेला कुत्रा आहे, गेली सात वर्षं. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो. कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की चावा झाला तर भानगड, नाहीतर काही नाही. आणि चावा झालाच तर इंजेक्शनचे पैसे दिले की विषय संपतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यापायी चांगली माणसं कोर्टाच्या तारखा मोजताना मी पाहिली आहेत.

मुख्य कलम आहे भारतीय न्याय संहितेचं २९१. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी घडलेल्या घटनेला जुना भारतीय दंड संहितेचा २८९ हा आकडा दिसेल, पण मजकूर जवळजवळ तोच आहे. कलम काय म्हणतं ते सोप्या शब्दांत सांगते: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असेल, आणि ती टाळण्यासाठी पुरेशी काळजी तुम्ही जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे घेतली नाही, तर तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड १,००० रुपयांपर्यंत होता, कैद तेवढीच.

आता हे वाक्य पुन्हा वाचा आणि त्यात 'चावा' हा शब्द शोधा. नाही सापडणार. 'दुखापत झाली तर' असंही नाही. धोक्याची शक्यता पुरेशी आहे. तुमचा मोठा, अंगावर धावून जाणारा कुत्रा रोज संध्याकाळी पट्ट्याशिवाय मुलांच्या खेळण्याच्या जागेत सोडला जात असेल, तर कोणाला ओरखडाही उठण्याआधी हे कलम लागू शकतं. पण धोका 'जिवाचा' किंवा 'गंभीर दुखापतीचा' हवा. एखादा पामेरियन भुंकला, कोणाची पँट ओढली, म्हणून २९१ लागत नाही. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांनाही मी हेच सांगते.

दुसरा शब्द तितकाच महत्त्वाचा: ताबा. कायदा मालक विचारत नाही, प्राणी कोणाच्या ताब्यात होता ते विचारतो. सीवूड्स-नेरुळ भागात सकाळी फिरायला गेलात तर एकेक मुलगा तीन-तीन, चार-चार कुत्री घेऊन चाललेला दिसेल. ही मुलं पगारावर कुत्री फिरवतात. त्यांच्या हातून एक कुत्रा सुटला आणि सायकलवरच्या मुलाला त्यानं पाडलं, तर पहिला प्रश्न त्या फिरवणाऱ्यालाच विचारला जाणार. मग मालक सुटला का? तेही नाही. कुत्रा पूर्वी कोणाला चावला आहे हे मालकाला माहीत होतं आणि त्यानं ते फिरवणाऱ्याला सांगितलंच नाही. किंवा चाळीस किलोचा रॉटवायलर दहा वर्षांच्या मुलीच्या हाती देऊन "जा, खाली फिरवून आण" म्हटलं. तर निष्काळजीपणा घरातूनच सुरू झाला. अल्पवयीन मुलावर खटला बाल न्याय मंडळापुढे जातो, पण त्याच्या हातात पट्टा देणाऱ्या बापाला नेहमीच्या कोर्टात उभं राहावं लागू शकतं. मला हा भाग सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. आपण गाडीची किल्ली दहा वर्षांच्या पोराला देत नाही.

ब्रुनोच्या प्रकरणात २९१ च्या जोडीला दुसरं कलम आलं, १२५. हे प्राण्यांसाठी खास नाही. बेदरकारपणे किंवा हयगयीनं दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या कोणत्याही कृत्याला ते लागतं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. नुसता धोका निर्माण केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. साधी दुखापत झाली तर सहा महिने किंवा ५,००० रुपये. गंभीर दुखापत झाली तर थेट तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. तिन्ही ठिकाणी कैद आणि दंड दोन्हीही होऊ शकतात.

आणि 'गंभीर' म्हणजे किती रक्त आलं, किती टाके पडले हे नाही. कायद्यानं गंभीर दुखापतीची यादीच दिली आहे: डोळा जाणं, कान जाणं, चेहऱ्यावर कायमचा व्रण, सांधा निकामी होणं, हाड किंवा दात मोडणं, पंधरा दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजची कामं करता न येणं. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. म्हणजे पिंडरीला चावा बसला आणि माणूस आठवड्यात कामावर गेला, तर ती बहुधा साधी दुखापत. पण कुत्र्यानं नुसतं अंगावर झेपावल्यानं आजींचं मनगट मोडलं, ती गंभीर दुखापत. ब्रुनोच्या मालकांना मी हे समजावलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

मृत्यू झाला तर कलम १०६ लागू शकतं: निष्काळजीपणामुळे मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षं होती.

इथपर्यंत सगळं हयगयीबद्दल झालं. याच्या पलीकडे एक कलम आहे, ते फार थोड्या कुत्रामालकांना ठाऊक असतं. कलम ११८, धोकादायक साधनांनी इच्छापूर्वक दुखापत करणं. चाकू, बंदूक, आग, विष, स्फोटक अशी साधनांची यादी त्यात आहे आणि त्याच यादीत 'कोणत्याही प्राण्याद्वारे' हेही शब्द आहेत. साधी दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंभीर असेल तर किमान एक वर्ष, आणि कमाल जन्मठेपेपर्यंत. जुन्या संहितेत हीच कलमं ३२४ आणि ३२६ होती.

"पण कुत्र्याला मुद्दाम कोण सोडतं अंगावर?" असं वाटेल. मुंबईतलं एक प्रकरण बघा. वरळीच्या एका इमारतीत फेब्रुवारी २०१८ मध्ये एक गृहस्थ आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टमधून खाली येत होते. मधल्या मजल्यावर शेजारी कुत्र्यासह आत यायला निघाला. गृहस्थ म्हणाले, मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा. शेजारी थांबला नाही, कुत्र्याला ओढत आत आला, आणि कुत्रा त्या गृहस्थांच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये मुंबईच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयानं त्या कुत्रामालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी आणि ४,००० रुपये दंड सुनावला. कलमं होती २८९ आणि ३२४. म्हणजे हयगयीचं एक आणि इच्छापूर्वक दुखापतीचं एक. कुत्रा यायला तयार नव्हता, त्याला ओढून आत आणलं, ही गोष्ट मालकाच्या विरोधात गेली.

हा निकाल मी माझ्या सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवला आहे. त्यात चाव्याइतकंच महत्त्व त्याआधीच्या दहा सेकंदांना आहे. समोरच्यानं सांगितलं होतं. 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय तिथंच संपली. कोणी "थांबा हो जरा" म्हणालं आणि तुम्ही "काही करत नाही तो" म्हणत पुढे गेलात, तर तेच तुमचं उत्तर उद्या साक्षीदाराच्या जबाबात लिहिलेलं असेल. आणि आपल्या वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत एकच लिफ्ट असते, चार माणसांची.

त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, गिरगावच्या न्यायालयानं नेपियन सी रोडवरच्या २०१० सालच्या घटनेत एका रॉटवायलरच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली होती. चावलेले गृहस्थ ज्येष्ठ नागरिक होते. घटना आणि निकाल यांच्यामध्ये बारा-तेरा वर्षं गेली हेही लक्षात घ्या. रॉटवायलर काही तेवढा जगत नाही. कुत्रा गेल्यावरही खटला मालकाच्या मागे राहतो.

आता पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण घाबरगुंडी तिथंच उडते. जखमी माणूस आधी रुग्णालयात जातो. डॉक्टर वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतात, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात. जखम साधी की गंभीर हे त्या कागदावरून आणि पुढच्या प्रमाणपत्रावरून ठरतं. २९१ आणि १२५ ही दोन्ही कलमं दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीची वाट न पाहता गुन्हा नोंदवू शकतात. दोन्ही जामीनपात्रही आहेत, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क असतो. बहुतेक वेळा अटक होतच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस येते. नोटीस आली की जायचं. तिकडे दुर्लक्ष केलं तर मात्र अटकेची वेळ येऊ शकते.

मग पंचनामा, वॉचमनचा जबाब, सीसीटीव्हीचं चित्रण. सोसायट्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जतन करा असं लेखी पत्र दोन्ही बाजूंनी लगेच कमिटीला द्यावं. कुत्र्याच्या लसीकरणाची वही आणि महापालिकेचा परवाना मागितला जातो. ठाणे असो की नवी मुंबई, पाळीव कुत्र्याची नोंद महापालिकेकडे करावी लागते. परवाना नसणं म्हणजे चावा सिद्ध झाला असं नाही, पण 'मी सगळी काळजी घेत होतो' हे तुमचं म्हणणं तिथंच लंगडं पडतं.

एक चूक मी वारंवार पाहते. चावा झाला, बोंबाबोंब झाली, की घरचे रातोरात कुत्र्याला गावाला पाठवून देतात. कोणी साताऱ्याला, कोणी चिपळूणला. असं कधीही करू नका. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. तो त्या दहा दिवसांत ठणठणीत राहिला तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं मानलं जातं. तुम्ही कुत्रा हलवलात की जखमी माणसाच्या मनावरचं ओझं वाढतं आणि पोलिसांना तुम्ही काहीतरी लपवताय असं दिसतं. जखमी माणसाला आधी काय करायचं तेही सांगते: वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस सुरू करायची. घरचा, लस दिलेला कुत्रा आहे म्हणून थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. लसच न दिलेला कुत्रा मोकळा सोडणाऱ्यावर, जिवघेणा रोग पसरवण्याची शक्यता असलेली हयगय म्हणून कलम २७१ लावण्याचाही प्रयत्न होऊ शकतो. त्याचीही शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आहे.

"दंड भरू आणि मोकळे होऊ," असं एका आयटीतल्या मुलानं मला सांगितलं होतं. त्याला मी विचारलं, पासपोर्ट आहे ना? फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट काढायला किंवा त्याचं नूतनीकरण करायला कोर्टाची परवानगी लागते. कंपनीनं परदेशी पाठवायचं ठरवलं की पहिली अडचण तीच. दंड भरून मोकळं होणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि दोषी ठरल्याची नोंद नोकरीच्या पडताळणीत, व्हिसाच्या अर्जात, सगळीकडे मागे येते. पहिला गुन्हा असेल, वागणूक चांगली असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडा, अशी विनंती करता येते. ते देणं न देणं न्यायाधीशांच्या हाती. शिवाय कोर्ट आरोपीकडून जखमी माणसाला नुकसानभरपाईही द्यायला लावू शकतं.

बचाव नसतो असं मुळीच नाही. कुत्रा घरात बांधलेला होता आणि कोणी विनापरवाना आत शिरलं. पट्टा होता, तोंडाला जाळी होती, आणि मागून दुचाकीनं धडक दिल्यानं कुत्रा बिथरला. मुलानं तो जेवत असताना त्याच्या डोळ्यात काडी घातली. कायद्याला हवी असते ती शहाण्या माणसाची 'पुरेशी' काळजी. कायदेशीर काम योग्य काळजीनं करताना झालेला निव्वळ अपघात हा गुन्हा नसतो, हे संहितेतच लिहिलेलं आहे.

कुत्र्यावर झालेल्या अन्यायाचं काय, हा प्रश्न मला कमी वेळा विचारला जातो आणि मी तो जास्त वेळा विचारते. कारण मालकावर गुन्हा फक्त दुसऱ्या माणसासाठी होत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये मारणं, लाथा घालणं तर आहेच, पण फार आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधून ठेवणं, बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, खायला-प्यायला आणि निवारा न देणं, आणि सबळ कारणाशिवाय सोडून देणं, हेही क्रौर्य म्हणून लिहिलेलं आहे. डॉबरमनचे कान दिसायला छान म्हणून कापणं, तेही अवयव कापण्यातच मोडतं.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मागच्या इमारतीतल्या एका गॅलरीत दोन दिवस एक बीगल होता. ग्रिलला दोन फुटांची साखळी, प्लॅस्टिकचं पाण्याचं भांडं उलटं पडलेलं आणि खाली फटाके. तो भुंकत नव्हता, एकाच जागी गोल गोल फिरत होता. साखळीचा पीळ इतका पडला होता की शेवटी त्याची मान कठड्याशी आली होती. वॉचमननं मालकांना फोन लावला तेव्हा ते महाबळेश्वरला होते. "बाई येते ना भांडी घासायला, ती बघते," असं उत्तर आलं. बाई सुट्टीवर होती. त्या दिवशी मी आणि कमिटीच्या एका काकांनी वॉचमनसमोर व्हिडिओ केला, पोलिसांना कळवलं आणि मालकांच्या भावाला चावी घेऊन बोलावलं. बीगलनं पाणी प्यायला सुरुवात केली ती थांबेचना.

या गुन्ह्याची शिक्षा सांगताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये आणि कमाल ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपयांना काही वजन होतं. आज वाशी स्टेशनच्या पार्किंगलाही ते पुरणार नाहीत. दंड वाढवण्याचा मसुदा केंद्रानं २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, पण कायदा बदललेला नाही. तरी तक्रार करायची, कारण याच कायद्याचं कलम २९ कोर्टाला अधिकार देतं की पुन्हा क्रूरता होईल असं वाटलं तर दोषी मालकाकडून तो प्राणी काढून घ्यावा. बीगलसाठी दंडाच्या रकमेपेक्षा ते मोलाचं.

प्राण्याला विष घालणं, ठार मारणं, लुळं करणं हे मात्र न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं आणि तिथं पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कायद्यात प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावर शिक्षा ठरायची. ती अट आता गेली. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो म्हणून बिस्किटात गोळ्या घालणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. भुंकण्याचा त्रास खरा असेल तर सार्वजनिक उपद्रवाची तक्रार करता येते, पण त्या कलमाखाली फक्त १,००० रुपयांपर्यंतचा दंड आहे. त्याआधी कुत्रा का भुंकतो ते विचारलेलं बरं. बहुतेक वेळा तो दिवसभर एकटा असतो.

आणि आता त्या घरांकडे येते जिथं लोक मला हसत हसत चहा देतात आणि मागे पिंजऱ्यातून "मिठू, मिठू" ऐकू येतं. हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोवती गुलाबी कड असलेला आपला पोपट हा वन्यजीव आहे. तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कुत्र्यासाठीच्या २९१ च्या शिक्षेहून ही जड. तो विकत घेतला, भेट मिळाला, खिडकीत जखमी सापडला, आजोबांच्या काळापासून आहे, यानं गुन्हा टळत नाही. वास्तूसाठी म्हणून घरात ठेवलेलं चांदण्यांच्या नक्षीचं कासव तर याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. तिथं किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५,००० रुपये दंड. लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे रंगीत छोटे पोपट परदेशी जातीचे, त्यांना हा नियम नाही. आफ्रिकन ग्रेसारख्या काही परदेशी पक्ष्यांची मात्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

घरात मिठू असेल तर घाबरून त्याला खिडकीतून सोडू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या, पंख कापलेल्या पक्ष्याला बाहेर कावळे तासाभरात फाडतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून स्वतःहून स्वाधीन करा. ठाण्याला येऊरच्या जंगलाचा शेजार आहे, वनखात्याची माणसं इथं जवळच असतात.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तीन गोष्टींबद्दल लोक सारखे विचारतात, तेवढ्या सांगते. पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींवर बंदी आल्याचं पत्र केंद्रानं मार्च २०२४ मध्ये राज्यांना पाठवलं होतं, पण कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. म्हणून 'तुमची जात बेकायदा आहे' असं सांगून कोणी कुत्रा उचलायला आलं तर लेखी आदेश मागा. दुसरी, 'एका दाताच्या खुणेला दहा हजार'. तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे, मोकाट जनावरांबद्दल आणि सरकारी भरपाईबद्दल. तुमच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याचा हिशोब त्यावरून होत नाही. तिसरी, 'सोसायटीनं ठराव केलाय, कुत्रे बंद'. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना स्पष्ट आहेत की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे लावता येत नाहीत. वेळा ठरवणं, पट्टा सक्तीचा करणं, घाण उचलायला लावणं हे रास्त आहे. कुत्रामालकिणीला धमकावणं, तिची वाट अडवणं हा अर्थातच वेगळा गुन्हा आहे, आणि तसे गुन्हे मी चालवले आहेत.

ब्रुनोच्या प्रकरणाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मालकांनी शस्त्रक्रियेचा खर्च पहिल्याच आठवड्यात दिला. तो त्यांनी भरायलाच हवा होता असं मी त्यांना म्हटलं, त्यात गुन्हा कबूल केल्यासारखं काही नाही. आजींच्या मुलाचा राग हळूहळू उतरला. तडजोडीचा विषय निघाला तेव्हा कायद्याची एक खुबी आड आली. १२५ कलमातला दुखापतीचा गुन्हा जखमी व्यक्तीच्या संमतीनं, कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतो. २९१ मात्र त्या यादीत नाही, कारण तो धोका एका माणसापुरता नसतो, साऱ्या इमारतीला असतो. त्यासाठी मुंबईला उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून मागावा लागतो आणि आजींचं शपथपत्र जोडावं लागतं.

शपथपत्रावर सही घ्यायला मी स्वतः गेले होते. आजींनी कागद दोनदा वाचला. उजव्या हाताची बोटं अजून पुरती मिटत नव्हती, म्हणून पेन दोन बोटांत धरून सावकाश सही केली. मग म्हणाल्या, "कुत्रा गुणी आहे हो. पोराला एवढंच सांगा, लिफ्ट उघडायच्या आधी पट्टा हाताला गुंडाळ म्हणावं."

मालकांनी ते ऐकलं आहे. ब्रुनो आता लिफ्टमध्ये मागच्या कोपऱ्यात बसतो, दार उघडलं की आधी माणसं उतरतात. आजी मात्र अजूनही सकाळचं दूध आणायला जिन्यानंच उतरतात. चौथा मजला आहे त्यांचा.